दारू सोडवताना त्याची इच्छा कशी राखावी

घरातला माणूस दारूच्या आहारी गेला की कोणी ‘त्याचे तो बघेल’ म्हणून हात झटकतो, तर कोणी त्याच्या आमटीत गुपचूप गोळी कालवतो. हा दुसरा मार्ग आधी बंद करावा. अशी गोळी बहुधा डायसल्फिरमची, म्हणजे दारू सोडवण्याच्या औषधाची असते; ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते आणि रक्तदाब कोसळून जिवावरही बेतू शकते. या धास्तीनेच माणूस पेल्यापासून दूर राहतो; म्हणजे गोळी घेतल्याचे त्याला ठाऊक नसेल तर तिचा धाक उरत नाही, धोका तेवढा उरतो.

बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीवर असताना आणि चारचौघांत नव्हे. घराच्या अब्रूचा विषय न काढता काल रात्री काय घडले तेवढेच सांगावे आणि ‘डॉक्टरांकडे जायचे ठरवलेस तर मी बरोबर येईन’ असे म्हणून थांबावे. नकार आला तर वाद न घालता काही दिवसांनी पुन्हा विचारावे.

त्याची उधारी फेडणे किंवा कचेरीत ‘त्यांना ताप आहे’ असे खोटे कळवणे थांबवले तर ती जबरदस्ती ठरेल, अशी भीती अनेक बायकांना वाटते. माझ्या मते जबरदस्ती कसली, परिणाम झाकून ठेवल्यानेच त्याला डोळे उघडे ठेवून निर्णय घेता येत नाही. मात्र हे आधी सांगून थांबवावे.

तो ‘उद्यापासून बंद’ म्हणाला तरी रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नये, कारण दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मध्ये दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. उपचाराबाबत घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्या माणसाची निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही, हे या अधिनियमाच्या कलम 4 मध्ये स्पष्ट आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, अथवा त्याला स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर कलम 89 प्रमाणे एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासून त्याला जास्तीत जास्त 30 दिवस दाखल करता येते. कोणता मार्ग घ्यावा हे उमगत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर विचारावे. दाखल केल्यावर तो भानावर आला की कारण त्याला स्पष्ट सांगावे, आणि धोका टळल्यावर तिथे राहायचे की घरी यायचे, हे त्याला ठरवू द्यावे.