थंडीत जनरेटर नेताय? मग आधी एवढं बघून घ्या

आमच्याकडं जनरेटर आला २०१९ च्या महापुरानंतर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकलेली, लाईट गायब, मोबाईल चार्जिंगला लोक गाडीच्या बॅटरीवर रांग लावून... तेव्हाच ठरवलं. पण पुरापेक्षा जास्त तो फिरतो हिवाळ्यात, लग्नसराईत. आता दाजींनी पन्हाळ्याकडच्या साखरपुड्याला मागितलाय, त्यांना फोनवर सांगून लक्षात राहणार नाही म्हणून लिहूनच काढतोय.

सगळ्यात आधी जागा. रात्री गारठा पडला, आवाजानं कान किटले की कुणीतरी शहाणा म्हणणारच, पडवीत घ्या की मशीन. अजिबात नाही. पडवी नाही, गोठा नाही, अर्धं शटर उघडं ठेवून गॅरेज पण नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग, धूर दिसत नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. घरापासून निदान २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट्या बाजूला, आणि जवळ कुठली खिडकी उघडी नाही ना ते बघायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, झोप येतीय, असं एकदम दोघातिघांना व्हायला लागलं तर पित्त किंवा जागरण म्हणून सोडून देऊ नका, सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा आणि १०८ ला फोन लावा. झोपलेल्या माणसाला तर कळतच नाही. आणि हो, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं हा पण त्याच गॅसचा खेळ आहे, म्हाताऱ्यांना थंडी वाजते म्हणून हमखास होतं.

पहाटे दव पडतं, म्हणून वर पत्रा पाहिजे पण चारी बाजू मोकळ्या, चालू मशीनवर ताडपत्री पांघरायची नाही.

आता गार मशीन चालू करायचं. ऑइल सपाट जागेवर ठेवून बघा, कमी असलं तर बऱ्याच मशीन आपोआप बंद पडतात आणि आपण उगाच प्लग काढत बसतो. १०डब्ल्यू-३० जाडीचं ऑइल आपल्या हवेला पुरतं. चोक (गार इंजिनला हवा कमी करणारा खटका) ओढा, दोरी आधी हळू ओढून अडली की मग जोरात, चालू झाल्यावर दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्या आणि चोक हळूहळू सोडा, लोड नंतर. शून्याखालच्या थंडीत, म्हणजे हिमाचलबिमाचलला, ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीत बर्फ साठतो आणि ऑइल बाहेर फेकतं, पण आपल्या पन्हाळ्याला त्याची चिंता नको. आपली खरी डोकेदुखी जुनं पेट्रोल. हल्ली पेट्रोलमधे इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, मागच्या पावसातलं पेट्रोल टाकीत राहिलं असेल तर काढून ताजं भरा.

पेट्रोल भरताना मशीन बंद, आणि १५ मिनिटं तरी थंड होऊ द्यायचं. कॅन झाकणाचा, नीट बंद होणारा पाहिजे, पाण्याच्या बाटलीत नको, शेकोटी लांब. टॉर्च लावा, काडी ओढून टाकीत डोकावणारे महाभाग मी बघितलेत.

लोड म्हणाल तर प्लेटवरचे रेटेड वॅट बघा, म्हणजे सतत झेपेल तेवढे, मॅक्स नाही. दिवे, स्पीकर ठीक. १ एचपी पंप म्हणजे साधारण ७५० वॅट, पण सुरू होताना त्याच्या तिप्पट-चौपट ओढतो, म्हणून तो आधी लावा आणि बाकी मग.

आणि दाजी, दोन टोकांना पिन लावलेली वायर घेऊन घराच्या सॉकेटमधे करंट सोडायचा नाद बिलकुल नको. तो करंट ट्रान्सफॉर्मरकडून उलटा लाईनीत जातो, खांबावर लाईट दुरुस्त करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल. घरालाच जोडायचं असलं तर माहीतगाराकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर, एकच घराला जोडणारा) बसवून घ्या, नाहीतर सरळ जाड एक्स्टेन्शन, गुंडाळीतून पूर्ण उलगडलेलं, तीन पिनचं.

मशीन शुक्रवारी संध्याकाळी न्या. टाकी रिकामीच देतोय, टेम्पोत भरलेली टाकी हिंदकळायला नको. परत आणताना पण पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर सुकेपर्यंत चालवून आणा.