जुनी शिडाची बोट स्वतः दुरुस्त करताना या चुका टाळा

होड्या शाकारायचे दिवस आले की जुनी फायबरची शिडाची बोट हौसेने घेतलेला कुणीतरी मला विचारतोच, "काका, डेकला रंग कुठला मारू?" रंग सगळ्यात शेवटी. आधी डेक, म्हणजे बोटीचा वरचा पृष्ठभाग, ठोकून बघा.

१९७० - ८० च्या काळातल्या बऱ्याच बोटींचा डेक सलग फायबरचा नसतो. वर-खाली फायबरचे थर आणि मध्ये बाल्सा, म्हणजे अगदी हलकं लाकूड. कठड्याच्या खांबांचे, दोराच्या कप्प्यांचे बोल्ट त्यातून आरपार गेलेले असतात. एखाद्या बोल्टभोवतीचं सील सुटलं की पाणी आत शिरतं आणि दोन थरांमध्ये अडकून बसतं. लाकूड कुजत जातं, वरून डेक चकचकीतच दिसतो.

माझ्या २४ फुटी बोटीत एका खांबापाशी पाणी गळायचं. मी भोवती सिलिकॉन भरलं, वर महागडा रंग मारला आणि निर्धास्त झालो. त्याच हंगामात मांडव्याबाहेर वारा वाढला, बोट कलली आणि पुतण्याने तोल सावरायला तोच खांब धरला. खांब बोल्टसकट उपटून त्याच्या हातात आला आणि पोरगा पाण्यात. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून निभावलं. नंतर डेक कापला तर आत काळा लगदा, मुठीत पिळला की पाणी निघत होतं. तासाभराचं काम टाळलं, त्यापायी तीन महिने डेक उघडा ठेवावा लागला.

तेव्हापासून मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा डेक वीतवीतभर ठोकतो. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तिथे खडूने खूण. खूण मोठी असेल तर वरचा थर कापून कुजकं लाकूड काढायचं, वाळवायचं, नवं भरायचं. भोकं पाडून ओल्या लाकडात इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारं रेझिन) टोचायचा उपाय मला कितीदा तरी सुचवला गेलाय. ओल्याला इपॉक्सी धरत नाही, पैसे वाया जातात. लाकूड कोरडं असेल तर बोल्टचं भोक मोठं करतो, ड्रिलमध्ये वाकवलेला खिळा लावून आतलं लाकूड कडेने कोरतो, खालून टेप लावून घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरतो. ते कडक झालं की त्यातूनच नवं भोक. मग पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत जात नाही. सीलसाठी ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी. सिलिकॉन डेकवर नकोच, एकदा लागलं की तिथे पुढे रंगही धरत नाही.

ताडपत्रीखाली भर पावसात इपॉक्सी लावू नका. दमट हवेत वर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पॉलिश पेपर मारला तर पुढचा थर सुटून येतो. मी ही कामं दिवाळीनंतर काढतो. नारळी पौर्णिमेला कोळ्यांच्या बोटी उतरतात म्हणून आपलीही उतरलीच पाहिजे, हा हट्ट सोडा.

वायरिंगला घरातली वायर नको, कल्हई केलेल्या तांब्याचीच घ्या.

डोलकाठीच्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या पट्ट्या बाहेर काढून बघा. स्टेनलेस डेकच्या आत, जिथे ओल असते पण हवा लागत नाही, तिथेच गंजतं.

सगळी बोट एकदम उघडू नका. उघडून तशाच पडलेल्या बोटी मी खाडीकाठी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

आणि पाण्याखालचे वॉल्व्ह, म्हणजे बोटीच्या तळातल्या भोकांवर बसवलेले. नळाच्या दुकानातला पितळी वॉल्व्ह स्वस्त मिळतो, दिसतोही बोटीच्या वॉल्व्हसारखाच. पण पितळेत जस्त असतं, खाऱ्या पाण्यात ते निघून जातं आणि मागे ठिसूळ तांबं उरतं. जुना वॉल्व्ह नखाएवढा खरवडा, पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला तर त्याच दिवशी काढा. गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा बसवा. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर असेल तर मिनिटाला शंभराहून जास्त लिटर पाणी आत येतं. माझ्या प्रत्येक वॉल्व्हशेजारी त्याच मापाचं निमुळतं लाकडी बूच दोरीने बांधलेलं असतं. बोट पाण्यात उतरली की पहिली पूर्ण भरती मी आतच बसून काढतो, बॅटरी घेऊन, एकेक जोड हाताने चाचपत.