नवं अलॉटमेंट? आधी निम्मंच खणा

इथे इंग्लंडमध्ये अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा असतो. हौसेने सगळा एकदम खणायला घेऊ नका, जूनपर्यंत तण हाताबाहेर जातं. तण दबून राहावं म्हणून निम्म्या भागावर चिकटपट्टी काढलेले पुठ्ठे अंथरा, वर दगड ठेवा. उरलेल्यात रोटाव्हेटर (माती उलथणारं यंत्र) फिरवण्याआधी थोडी माती उकरून बघा. जाड शेवयांसारखी पांढरी, कट्कन तुटणारी मुळं दिसली तर ती बाइंडवीड या चिवट वेलवर्गीय तणाची. त्याच्या बोटभर तुकड्यालाही नवा वेल फुटतो, म्हणून दातेरी फावड्याने (फोर्कने) माती सैल करून मुळं सावकाश उपसा आणि कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. पहिल्या वर्षी बटाटे लावाच. मेथी एप्रिलअखेर पेरा, छान येते. भोपळ्याची रोपं मात्र मे संपेपर्यंत घरातच, खिडकीपाशी. एका रात्रीच्या फ्रॉस्टने, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीने, ती काळी पडतात.