डाव्या कानात आवाज कमी येत होता, असा सुधारला

वायरच्या इअरफोनमध्ये डावीकडे आवाज दबका, उजवीकडे मात्र खणखणीत. आधी इअरफोन उलटे घातले, डावा उजव्या कानात. दबका आवाजही उजव्या कानात गेला, म्हणजे आपले कान शाबूत! मग तेच इअरफोन भाच्याच्या फोनला लावले, तर दोन्हीकडे सारखा आवाज. गडबड माझ्या फोनमध्येच होती.

सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ऑडिओ बॅलन्सची डावी-उजवी पट्टी असते. ती मधोमधच होती. मोनो ऑडिओ चालू करा असं बरेच जण सांगतात, पण त्याने दोन्ही कानांत एकच मिसळलेला आवाज जातो; कमजोर बाजू कमजोरच राहते.

मग जॅककडे नीट पाहिलं. पिन पूर्ण आत जातच नव्हती, जराशी बाहेर राहायची. मी जळगावकडे जिनिंगवर कामाला. सीझन सुरू झाला की कापसाचे तंतू केसांत, भुवयांवर, खिशात, सगळीकडे. टॉर्च मारला तर जॅकच्या तळाशी कापूस चेपून चेपून त्याची गोळीच झालेली. 3.5 मिमी पिनच्या अगदी टोकाला डाव्या बाजूचा संपर्क असतो, आणि नेमकं तेच टोक टेकत नव्हतं.

फोन बंद केला, लाकडी टूथपिकने कडेकडेने गोळी सैल करून हळूच ओढली. टाचणी अजिबात घालू नका, आतल्या पातळ पट्ट्या वाकतात. फुंकरही नको, थुंकी आत जाते. पिन टक्कन बसली आणि दोन्ही कान सारखे वाजू लागले.

दुकानदार तर नवे इअरफोन गळ्यात मारायच्या तयारीत होता.