थ्रीडी सेगमेंटेशन: रीजन मर्जिंगपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलं बेळगावात इंजिनिअरिंगला येतात, शेवटच्या वर्षी मेडिकल इमेजिंगचा प्रोजेक्ट घेतात आणि थेट डीप लर्निंगच्या मागे लागतात. सेगमेंटेशन म्हणजे स्कॅनमधून हवा तो भाग वेगळा काढणं. त्यासाठी मी आधी रीजन मर्जिंग, म्हणजे सारखे दिसणारे लहान तुकडे जोडत जाणं, शिकलो, ते जास्त उपयोगी पडलं.

मात्र त्याची गरज आहे का ते आधी बघा. उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या कास्टिंगमधले ब्लोहोल (आतल्या हवेच्या पोकळ्या) सीटी स्कॅनवर शोधायचे, तर धातू आणि हवेत इतका फरक असतो की बऱ्याचदा साधं थ्रेशोल्डिंग (एका ठरावीक छटेच्या वर-खाली अशी विभागणी) पुरतं. यकृत आणि त्याला टेकलेलं जठर यांच्या करड्या छटा मात्र जवळजवळ सारख्या. तिथे मर्जिंग लागतं.

वॉटरशेड (छटा झपाट्याने बदलते तिथे सीमा आखणारी पद्धत) चालवलं की एकट्या यकृताचे ढीगभर तुकडे पडतात, खानापूरकडच्या भातशेतीतल्या बांधांसारखे. कुठला बांध फोडायचा आणि कुठला आधी, एवढाच प्रश्न. प्रत्येक तुकडा म्हणजे रीजन हा एक नोड (बिंदू), शेजाऱ्यांमध्ये एज (जोडरेषा), हा झाला रीजन अ‍ॅडजसन्सी ग्राफ. एजवर सीमेवरचा सरासरी फरक ठेवा आणि सामाईक सीमेचं क्षेत्रफळही. नाहीतर एका व्हॉक्सेलच्या (थ्रीडी पिक्सेलच्या) चिंचोळ्या वाटेनं यकृत जठरात गळतं. सगळ्यात कमी फरकाची एज आधी मिळावी म्हणून प्रायॉरिटी क्यू (सगळ्यात लहान किंमत आधी देणारी रांग), लेबलं (तुकड्यांचे क्रमांक) जोडायला युनियन-फाइंड (कोण कुठल्या गटात ते सांभाळणारी रचना). दोन रीजन जुळले की शेजारच्या एजची किंमत बदलते. क्यूमधल्या जुन्या नोंदी शोधत बसू नका. नोंदीला आवृत्ती क्रमांक द्या, जुनी निघाली की टाकून द्या.

क्षेत्रफळ मिलिमीटरमध्येच मोजा. पिक्सेल ०.७ मिमी आणि स्लाइस (स्कॅनचा एक थर) ५ मिमी असेल, तर दोन स्लाइसमधला पृष्ठभाग ०.४९ चौ. मिमी आणि एकाच स्लाइसमधल्या शेजाऱ्यांमधला ३.५ चौ. मिमी. सात पटींचा फरक! व्हॉक्सेल नुसते मोजणाऱ्या कोडला तो दिसत नाही.

५१२ × ५१२ × ५१२ च्या घनात १३.४ कोटी व्हॉक्सेल असतात. ३२ बिटांची लेबलंच अर्धा जीबी खातात. लॅबच्या मशीनवर छोटा तुकडा कापून घ्या.

थांबायचं कुठे, हे खरं अवघड. फेल्झेन्श्वाल्ब आणि हटनलॉकर या संशोधकांची २००४ ची पद्धत मला आवडते: प्रत्येक रीजनच्या आतल्या फरकावरून मर्यादा ठरते आणि लहान रीजनला थोडी सूट मिळते. ही सूट किती, हे एक्स्टर्नल व्हायवात हमखास विचारतात. सूट तीन-चार वेगवेगळ्या किमतींची ठेवून आलेले डाइस स्कोअर (आपलं उत्तर खऱ्या सीमेशी किती जुळतं त्याचं माप) छापून न्या. प्रश्न इंग्रजीत येवो की कन्नडमध्ये, तक्त्यावर बोट ठेवून बोलता येतं.