घरच्या घरी ऑडिओ कथा: निवेदन, संगीत आणि दाराबाहेरचा पाऊस

माइक लावण्याआधी संहिता आणि पेन्सिल घेऊन बसा. जे कानाला ऐकू येणार आहे, ते शब्दांतून काढून टाका. ‘बाहेर धो धो पाऊस कोसळत होता, तेवढ्यात दारावर थाप पडली’ असं निवेदकाने वाचायचं आणि मागे पाऊस नि थापही वाजवायची, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं. पाऊस वाजू द्या, थाप पडू द्या आणि थेट ‘कोण आहे?’वर या. सावकाश वाचलं तर हजार शब्दांना साधारण आठ मिनिटं लागतात, त्या हिशेबाने लांबी ठरवा.

कथा दुसऱ्याची असेल तर हक्क तपासा. हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं असं लेखन २०११पासून खुलं आहे. गाण्याचा तुकडा दहा सेकंदांपर्यंत चालतो, ही मात्र ऐकीव गोष्ट. कायद्यात असा नियम नाही.

खोली लहान निवडा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागे गोधडी टांगा. पंखा बंद. फ्रीज बंद केलात तर घराची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तो पुन्हा सुरू करायची आठवण राहील. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि जरा बाजूला हवा. अगदी समोर असला तर प, फ, भ उच्चारताना हवेचा झोत त्यावर आदळतो आणि ‘भप्प’ असा दणका नोंदला जातो. ‘भाऊ, फाटकापाशी भोपळा पडलाय’ हे वाक्य बोलून चाचणी घ्या.

ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंग आणि संकलनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरतं. मोनो (एकच चॅनेल), ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. बोलताना मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावं. शून्याला टेकून लहरींचे शेंडे कापले गेले, तर ते नीट परत येत नाहीत. पुन्हा वाचणंच बरं. वाक्य चुकलं की एक टाळी वाजवा आणि ते सुरुवातीपासून घ्या. स्क्रीनवर टाळीचा सुळका लगेच दिसतो, संकलनात शोधाशोध वाचते. शेवटी ३० सेकंद सगळ्यांनी गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा.

ही शांतता दोनदा उपयोगी पडते. नॉइज रिडक्शनला (मागची खरखर कमी करणारा इफेक्ट) नमुना म्हणून तीच द्या. ६ ते १२ डेसिबलच्या वर जाऊ नका, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. आणि वाक्यांमधल्या रिकाम्या जागाही तिनेच भरा. तिथे कोरी शांतता टाकली, तर दर वाक्यागणिक खोली गायब झाल्यासारखी वाटते. श्वास कापू नका, ८–१० डेसिबलने खाली आणा.

घोड्याच्या टापांना नारळाच्या करवंट्या, विस्तवाला बिस्किटच्या पुड्याचा चुरचुरीत कागद, गडगडाटाला पातळ पत्रा. पाऊस मात्र खरा रेकॉर्ड केलेला घ्या, किमान दोन मिनिटांचा. छोटा तुकडा फिरवून वापरला की त्यातला तोच कावळा दर वीस सेकंदांनी ओरडतो.

आता दाराचा प्रसंग. पावसाची फाइल दोन ट्रॅकवर ठेवा. पहिल्याला ८०० हर्ट्झवर लो-पास फिल्टर लावा. वरची झणझण जाते, भिंतीपलीकडची घुमघुम उरते. दुसरा ट्रॅक जसाच्या तसा, पण एन्व्हलप टूलने (ट्रॅकचा आवाज हवा तिथे कमी-जास्त करणारं साधन) शून्यावर. कडी निघते, बिजागरी करकरते. त्या करकरण्याच्या एका सेकंदात पहिला खाली न्या आणि दुसरा वर आणा, आधीच्या पावसापेक्षा ६ डेसिबल मोठा. फटकन बदललात तर चॅनेल बदलल्यासारखं होतं. चार-पाच सेकंदांनी पाऊस हळूहळू उतरवा. तोवर कान सरावलेला असतो, कुणाच्या लक्षात येत नाही. दाराआडून बोलणाऱ्यालाही हाच फिल्टर, पण २,००० हर्ट्झच्या आसपास, नाहीतर शब्दच कळणार नाहीत.

संगीत निवेदनाच्या खाली १८–२० डेसिबल. बासरी आणि व्हायोलिन बोलण्याशी भांडतात. तानपुरा किंवा खर्जातला सरोद निमूट मागे बसतो. ऑटो डक (बोलणं सुरू झालं की संगीत आपोआप हळू करणारा इफेक्ट) वापरायचं तर निवेदनाचा ट्रॅक स्क्रीनवर संगीताच्या लगेच खाली हवा. त्यातला कमाल विरामही एका सेकंदावरून तीनवर न्या, नाहीतर प्रत्येक स्वल्पविरामाला संगीत उसळी घेतं. महत्त्वाच्या वाक्याआधी ते चार सेकंदांत विरवून टाका. बहुतेक जण नेमकं तिथेच ते वाढवतात आणि वाक्य बुडवतात.

शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन (सगळ्या फाइलचा आवाज एका पातळीवर आणणं) उणे १६ एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक, आणि लिमिटर (लहरींचे शेंडे ठरल्या मर्यादेत रोखणारा इफेक्ट) उणे १ डेसिबल. मूळ प्रत वेव्हमध्ये (न दाबलेली फाइल) जपा, ऐकायला १२८ केबीपीएस स्टिरिओ एमपी३. ती हेडफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवरही ऐका: त्या स्पीकरवर गडगडाटाचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा पत्र्याचा वरचा खणखणाट थोडा शिल्लक ठेवा. परगावच्या कलाकाराकडून संवाद मागवताना व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट चालणार नाही. ती फार दाबलेली असते. रेकॉर्डर अ‍ॅपमधली वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.