सदस्यत्व न देता शेजार कसा जोडावा: मॉडेल यूएनच्या ठरावासाठी

मुंबईतल्या कॉलेजांच्या मॉडेल यूएनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नकली संयुक्त राष्ट्र सभेत, युरोपीय संघाच्या बाकावरून हमखास एक कलम येतं: ‘शेजारी देशांशी सहकार्य वाढवावे.’ या कलमाला शून्य किंमत आहे. काय द्यायचं, कोणत्या अटीवर आणि कोणाच्या मंजुरीने, हे लिहिलं तरच तो ठराव. पुढची पद्धत संघाच्या प्रत्यक्ष कारभारावर बेतलेली आहे. बिमस्टेकवर (बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांचा गट) लिहायचं असेल तर जपून वापरा, तिथे ना सामायिक बाजारपेठ आहे ना तेवढा निधी.

आधी घरातली संमती. वाटाघाटी युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी यंत्रणा, करतो, पण त्याची परवानगी सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद देते, करारावर युरोपीय संसदेचा होकार लागतो, आणि करारात सदस्य देशांच्या अखत्यारीतले विषय असतील तर प्रत्येक देशाची स्वतंत्र मंजुरीही. ती गृहीत धरलीत तर जनरल बॉडीत न विचारता शेजारच्या बिल्डिंगला पार्किंग कबूल करणाऱ्या सेक्रेटरीसारखी गत होते. युक्रेनचा सहकार्य करार २०१४ मध्ये सह्या होऊन तयार होता. एप्रिल २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या सार्वमतात तो नाकारला गेला, मग डच सरकारसाठी वेगळे खुलासे जोडावे लागले आणि करार पूर्णपणे लागू व्हायला १ सप्टेंबर २०१७ उजाडला. मधल्या काळात काम थांबलं नाही, कारण तात्पुरत्या अंमलबजावणीची सोय होती. हे कलम विसरू नका.

मग शेजाऱ्यांची वर्गवारी. २००४ च्या शेजारधोरणात मोरोक्कोपासून युक्रेनपर्यंत १६ भागीदार एकाच चौकटीत बसवले गेले. आमच्या मते ती मूळ चूक. युक्रेनची नजर सदस्यत्वावर होती. मोरोक्कोचा १९८७ चा अर्ज तर तो युरोपीय देश नाही म्हणून फेटाळलाच गेला होता. पुढे २००८ मध्ये भूमध्य संघ आणि २००९ मध्ये पूर्व भागीदारी अशा वाटा वेगळ्या झाल्या. नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन यांचा मामला निराळाच: १९९४ पासून (लिश्टेनस्टाइन १९९५ पासून) ते युरोपीय आर्थिक क्षेत्रातून संघाच्या एकल बाजारात आहेत, नियम पाळतात, पण ते नियम ठरवताना त्यांना मत नाही.

सदस्यत्व देणार नसाल तर हातात तीन गोष्टी उरतात: बाजारपेठ, व्हिसा, पैसा.

बाजारपेठेत शुल्कमाफी हा सोपा भाग, खरी मेख मूळदेशाच्या नियमांत, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणाऱ्या नियमांत असते. ट्युनिशियाचा औद्योगिक माल युरोपात शुल्काविना जातो. पण भिवंडीचं कापड तिथे नेऊन नुसतं बेतून शिवलं, तर तो शर्ट सवलतीसाठी ट्युनिशियाचा ठरत नाही. साधारण नियम असा की विणकाम आणि शिवणकाम दोन्ही करारातल्या देशांत व्हावं. सूत बाहेरचं चालतं. म्हणून शेजाऱ्याकडे गिरण्या किती आणि नुसते शिवण कारखाने किती, हे आधी पाहा. गिरण्याच नसतील तर तुमची शुल्कमाफी कागदावर राहील.

व्हिसामुक्ती ही सामान्य माणसाला कळणारी भेट, म्हणून तिच्या अटी काटेकोर लिहा. संघाने त्या चार गटांत मांडल्या: कागदपत्रांची सुरक्षितता, सीमा व स्थलांतर, कायदा-सुव्यवस्था, मूलभूत हक्क. बायोमेट्रिक पासपोर्ट आणि बेकायदा राहणाऱ्या आपल्या नागरिकांना परत घेण्याचा करार हे त्यातले मुख्य. मोल्दोव्हाला २०१४ मध्ये, जॉर्जिया व युक्रेनला २०१७ मध्ये ही सवलत मिळाली: १८० दिवसांत ९० दिवस मुक्काम, नोकरीचा हक्क नाही. सवलत मागे घेण्याची तरतूदही त्याच दिवशी लिहून ठेवा.

पैशाचं थोडक्यात: २०२१–२७ च्या बाह्य सहकार्य निधीतले किमान १९.३ अब्ज युरो शेजारासाठी राखले आहेत. हप्ते सुधारणांशी बांधा. शिवाय नुसत्या अनुदानापेक्षा ट्विनिंग बरं. त्यात सदस्य देशाचा अधिकारी किमान वर्षभर भागीदाराच्या खात्यात बसून काम करतो.

सगळ्यात जास्त ठराव फसतात ते शेजाऱ्याचा दुसरा शेजारी विसरल्याने. सीमाशुल्क संघात सगळे सदस्य बाहेरच्या मालावर एकच शुल्क लावतात, म्हणून एकाच वेळी एका देशाला दुसऱ्या सीमाशुल्क संघात राहून तुमच्याशी स्वतंत्र शुल्क करार करता येत नाही. २०१३ मध्ये आर्मेनिया रशियाच्या सीमाशुल्क संघाकडे वळला आणि वाटाघाटी संपलेला करार पडून राहिला. त्याच वर्षी युक्रेनने वर सांगितलेल्या सहकार्य करारावरची सही ऐनवेळी थांबवली. ती शेवटी २०१४ मध्ये झाली. आर्मेनियाशी २०१७ मध्ये झालेल्या नव्या करारातून शुल्कमाफी वगळली होती, तेव्हा कुठे तो टिकला. म्हणून कलम लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा: हा देश कोणत्या सीमाशुल्क संघात आहे, गॅस कुठून घेतो, आणि त्याच्या भूमीवर परकं सैन्य आहे का? पहिल्याचं उत्तर अडचणीचं असेल तर शुल्काचा भाग गाळा आणि वाहतूक, शिक्षण, ऊर्जा यांपासून सुरुवात करा.